उसना पाऊस

मराठी मुलखाबाहेर वाढणाऱ्या मुलांस मराठीत निबंध व कविता लिहावयास शिकविण्याचा जो उद्योग ठिकठिकाणच्या मंडळांतून व घरगुती वर्गांतून मोठ्या हौसेने चालतो, त्याविषयी चार कडू शब्द लिहिण्याचे आम्ही आज योजिले आहे. हा उद्योग करणारी माणसे निःस्वार्थी आहेत. रविवारची विश्रांती सोडून ती दुसऱ्यांच्या मुलांपुढे खडू घेऊन उभी राहतात, आणि त्यांच्या कष्टांचे मोल वर्षाकाठी एखाद्या शाल-नारळापलीकडे कोणी करीत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच हे लिहिणे अवघड आहे. परंतु हेतू चांगला असला म्हणून पद्धतीचा दोष झाकला जात नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या वर्गांतून मुलांस लिहिणे शिकविले जात नाही. जे पाहिले नाही ते पाहिल्यासारखे सांगणे शिकविले जाते, आणि तेही स्वतःच्या मातृभाषेत.

उदाहरणादाखल पाऊसच घेऊ. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय मराठी निबंधाच्या कुळातील आद्य पुरुष होय. चेन्नईतील मराठी मुलांनी या विषयावर लिहिलेले निबंध आम्ही वेळोवेळी वाचीत आलो आहो. त्यांतील पाऊस न चुकता जून महिन्यात येतो. आधी मृग नक्षत्र लागते, आकाशाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी आनंदतो, मातीचा सुगंध दरवळतो, मोर पिसारा फुलवितो, नवी दप्तरे घेऊन मुले शाळेला निघतात, आणि ती भिजून घरी आली की आई गरम भजी तळते. अक्षर सुरेख असते, शुद्धलेखनही बहुधा निर्दोष असते. बक्षीस अशाच निबंधास मिळते. फक्त एकच गोष्ट राहून जाते, ती म्हणजे चेन्नईत असा पाऊस पडत नाही.

ज्यांस याविषयी शंका असेल त्यांनी नुंगंबाक्कमला जावे. तेथे कॉलेज रोडवर हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. त्याच आवारात ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ साली मद्रासची वेधशाळा उभारली होती. तिचा ग्रॅनाइटचा कोरीव खांब अद्याप तेथे उभा आहे. आकाशातील ताऱ्यांचे वेध घेण्याचे काम पुढे कोडैकानलला गेले, पण पावसापाण्याची नोंद ठेवण्याचे काम नुंगंबाक्कमने सोडले नाही. रोज सकाळी साडेआठला मागील चोवीस तासांत पडलेले पाणी मोजावयाचे आणि वहीत आकडा लिहावयाचा, इतके साधे ते काम आहे. तो आकडा काय सांगतो? वर्षभरात चेन्नईला चौदाशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातील निम्म्याहून अधिक ऑक्टोबर, नोव्हेंबर व डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. मुंबईचा जवळजवळ सारा पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो; तेथे लोक छत्र्या गुंडाळून माळ्यावर टाकतात, तेव्हा चेन्नईचे लोक त्या बाहेर काढतात. जूनमध्ये येथे एखादी वादळी सर संध्याकाळी येऊन जाते, नाही असे नाही. पण पावसाळा म्हणावा तो तमिळ पंचांगातल्या ऐप्पसी-कार्तिगै महिन्यांत, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकापासून पुढे.

आता या आकड्यांशेजारी मुलांचे निबंध ठेवून पाहा. २०१९ सालच्या जूनमध्ये चेन्नईला पाणी पुरविणारे पूंडी, चोळावरम, रेड हिल्स व चेंबरमबाक्कम हे जलाशय जवळपास तळाला गेले होते. गल्लोगल्ली पाण्याच्या लॉऱ्यांपुढे घागरींच्या रांगा लागत, आणि १२ जुलै रोजी जोलारपेट्टैहून पाणी भरलेली पहिली आगगाडी शहरात आली. त्या जूनमध्येही निबंधाच्या वहीत मृगाचा पाऊस धो धो कोसळतच होता! उलटपक्षी, २ डिसेंबर २०१५ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत नुंगंबाक्कमच्या पर्जन्यमापकात सुमारे २९ सेंटिमीटर आणि तांबरमच्या मापकात ४९ सेंटिमीटर पाणी भरले. अड्यार नदी लोकांच्या घरांत शिरली, दिवे गेले, दूरध्वनी मुके झाले, मुलांस नावांतून बाहेर काढावे लागले. ज्या मुलाने हे डोळ्यांनी पाहिले, त्यासही पुढच्या वर्षी ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहिताना मोराचाच पिसारा फुलवावा लागला असेल, तर त्याच्या शिक्षणाविषयी काय म्हणावे? त्याच्यापाशी एक महापूर होता; आपल्या वर्गाने तो काढून घेतला आणि त्याच्या हाती कागदी मोर दिला.

दिवाळीची कथा हीच. निबंधातील दिवाळीत गुलाबी थंडी पडलेली असते आणि मुले कुडकुडत अभ्यंगस्नानास उठतात. चेन्नईतील दिवाळी ऐन पावसाळ्यात येते. फटाके वातड होतील की काय, ही येथील मुलाची खरी चिंता. गच्चीवर वाळत घातलेले फटाके आणि समुद्रावरून चढत येणारे ढग यांच्यात लागलेली शर्यत त्याने दरसाल पाहिलेली असते. तीवर आठ ओळी त्याने लिहिल्या तर त्या साऱ्या महाराष्ट्रास नव्या वाटतील. पण त्या त्याच्याकडून कोणी मागत नाही.

हे असे का घडते, याचा शोध घेतला म्हणजे पहिला आरोपी निबंधमार्गदर्शक पुस्तक हा सापडतो. पुण्यामुंबईस छापलेले हे पुस्तक सुटीहून परतताना सामानातून येते आणि वर्गाचा वेद बनते. त्यातील विषय ठरलेले: ऋतूंचे, सणांचे, ‘मी मुख्याध्यापक झालो तर’, ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’. आरंभी कोणाची तरी काव्यपंक्ती, मध्ये तीन परिच्छेद, शेवटी उपदेश. पण पुस्तकावर सारा दोष ठेवणे सोपे असले तरी न्यायाचे नाही. ते ज्या मुलांसाठी लिहिले गेले त्यांस निदान जूनचा पाऊस तरी पडतो. खरे कारण आणखी आत आहे. जूनचा तो पाऊस मुलांचा नाही. तो पालकांच्या बालपणीचा आहे. सातारा, नागपूर, डोंबिवली सोडून आलेल्या बापास आणि आईस आपली हरवलेली शाळा, आपले भिजलेले दप्तर, आपली भजी मुलाच्या हस्ताक्षरात पुन्हा पाहावयाची असतात. ही ओढ स्वाभाविक आहे, पण तिची किंमत मूल भरीत असते. आपल्या स्मरणरंजनाचा लेखनिक म्हणून मुलास राबविणे हे भाषाप्रेम नव्हे.

कोणी म्हणेल, चार खोट्या ओळींनी एवढे काय बिघडते? पुष्कळ बिघडते, आणि ते परमुलखात अधिक बिघडते. त्याच कॉलेज रोडवर, हवामान केंद्रापासून हाकेच्या अंतरावर, तमिळनाडूच्या शालेय शिक्षण खात्याचे आवार आहे. राज्यात २००६ साली तमिळ शिक्षणाचा कायदा झाला आणि तमिळ हा विषय टप्प्याटप्प्याने दहावीपर्यंत अनिवार्य झाला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. ज्या भूमीचे पाणी प्यावे तिची भाषा मुलांनी शिकावी हेच योग्य. इतर मातृभाषांस त्या कायद्यात ऐच्छिक विषयाची जागा आहे, पण चेन्नईतील बहुसंख्य मराठी मुलांच्या शाळांत मराठी शिकविणारे कोणी नाही. परिणाम असा की, मूल आठवड्याचे सहा दिवस तमिळ व इंग्रजीत लिहिते आणि रविवारी तासभर मराठीत. तमिळच्या वहीत त्याचा खरा पाऊस येतो, खरा शेजार येतो, नुंगंबाक्कम स्थानकातली गर्दीची लोकल येते. मराठीच्या वहीत येतो तो उसना पाऊस. मूल बोलून दाखवीत नाही, पण हिशोब बरोबर मांडते: खरे सांगावयाचे असेल तेव्हा तमिळ किंवा इंग्रजी, आणि आजी-आजोबांस बरे वाटावे म्हणून मराठी. हा हिशोब एकदा त्याच्या मनात पक्का बसला की पुढे कितीही गणेशोत्सव करा, कितीही पोवाडे बसवा, ती भाषा त्याच्यापाशी आरतीपुरती उरते. भाषा केवळ बोलणारे उरले नाहीत म्हणूनच मरते असे नाही. जिच्यात खरे बोलण्याची गरज उरत नाही, तीही मरते.

मराठी निबंधाचा जन्म तरी अशा पोटभरू विषयांतून झाला काय? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ काढली तेव्हा ते तेवीस वर्षांचे शाळामास्तर होते. कोणी त्यांस विषय फळ्यावर लिहून दिला नव्हता. मराठी भाषेच्या स्थितीपासून देशाच्या स्थितीपर्यंत जे त्यांस सलत होते ते त्यांनी सात वर्षे, चौऱ्याऐंशी अंक, एकहाती लिहिले. त्यांची सगळी मते आज कोणास पटणार नाहीत, आम्हांसही पटत नाहीत. पण निबंध म्हणजे ज्यास काही म्हणावयाचे आहे अशा माणसाने ते बांधेसूद रीतीने म्हणणे, ही गोष्ट मराठीस त्यांनी शिकविली. दहा वर्षांच्या मुलास काही म्हणावयाचे नसते असे ज्यांस वाटते त्यांनी त्याच्या हातून मोबाइल काढून घेऊन पाहावे, किंवा धाकट्या बहिणीस मोठा लाडू देऊन पाहावे. पाच मिनिटांत प्रतिज्ञा, प्रमाणे, दाखले आणि निष्कर्ष यांसह एक अस्सल निबंध ऐकावयास मिळेल. शिक्षकाचे काम तो कागदावर उतरविणे एवढेच.

कवितेच्या बाबतीत तर हा अनाचार अधिक बोचतो. मुलास ‘फूल’ आणि ‘मूल’, ‘आई’ आणि ‘जाई’ अशा जोड्या पुरवावयाच्या, मधल्या रिकाम्या जागा त्याने भरावयाच्या, आणि स्नेहसंमेलनात ती ‘स्वरचित’ म्हणून म्हणावयाची. ठराविक काव्यसामग्रीची किती चेष्टा होऊ शकते हे आचार्य अत्र्यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’ काढून दाखविले. आणि त्याच अत्र्यांनी पुढे मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ रचिली, यात विसंगती नाही. थोरांच्या कवितेतील खोटेपणा ज्यास सहन झाला नाही, त्यास मुलांच्या पुस्तकातला तरी कसा सहन व्हावा? दुसरीकडे बहिणाबाई चौधरींकडे पाहा. त्यांस अक्षर ओळखता येत नव्हते. खानदेशातील शेत, जाते, घरोटा आणि माहेरची वाट एवढेच त्यांचे जग होते. त्या गेल्यानंतर १९५२ साली त्यांची गाणी छापून आली, आणि मोठमोठ्या पदवीधर कवींस पुन्हा शिकावयास बसावे असे वाटू लागले. त्यांनी काश्मीरच्या केशरावर किंवा समुद्राच्या लाटांवर ओळी जुळविल्या नाहीत. हाताखाली जे आले त्यावर, हाताशी असलेल्या बोलीत रचिल्या.

आणि ज्या भूमीत आपण राहतो तिचे काव्यशास्त्र तरी आपल्या वर्गांनी कधी विचारात घेतले आहे काय? ‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन तमिळ ग्रंथात काव्यार्थाचा विचार मांडताना ‘मुदल’ म्हणजे आद्य वस्तू म्हणून काय सांगितले आहे? भूमी आणि काळ. डोंगर, रान, शेत, समुद्रकिनारा, ओसाड माळ या पाच भूमी. प्रत्येकीचा ठराविक ऋतू आणि प्रहर, तिची फुले, तिचे पक्षी, तिची माणसे, आणि त्यांना साजेसा मनोभाव. रानाची भूमी ‘मुल्लै’ हिचा ऋतू पावसाचा आणि प्रहर संध्याकाळचा, अन् भाव परगावी गेलेल्याची वाट पाहण्याचा. म्हणजे कोठे आणि केव्हा हे ठरल्याखेरीज काय वाटते हे सांगूच नये, असा हा दंडक. हा विचार आपणांस परका वाटण्याचे कारण नाही. हालाची ‘गाथासप्तशती’ आपण महाराष्ट्री प्राकृताचे भूषण मानतो. तीतील गाथांचे या जुन्या तमिळ कवितेशी किती जवळचे नाते आहे, हे अमेरिकन अभ्यासक जॉर्ज हार्ट यांनी १९७५ साली आपल्या ग्रंथात मांडिले. तेथेही गाव, शेत, नदी आणि ढग हे नेमके असतात. आपल्याच पूर्वजांच्या आणि आपल्याच शेजाऱ्यांच्या कवितेत जी गोष्ट पायाची आहे, ती आपल्या रविवारच्या वर्गात नेमकी गैरहजर असते.

दक्षिणेतील मराठी माणसांनी पूर्वी असे केले नव्हते. एकोजी राजे १६७५-७६ च्या सुमारास तंजावरास स्थिर झाले, आणि त्यापुढील पावणेदोनशे वर्षांत तेथे जे मराठी वाङ्मय झाले ते पुण्याची नक्कल करीत बसले नाही. शहाजी राजांची मराठी नाटके तेथल्या यक्षगानाच्या वळणावर गेली. दुसऱ्या सरफोजींचे ‘देवेंद्र कुरवंजी’ पाहा. कुरवंजी हा ठसठशीत तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरी कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री येते. सरफोजींनी त्या स्त्रीच्या तोंडी मराठी पदे घातली आणि त्या पदांतून जगाचा भूगोल सांगविला! तमिळ साचा, मराठी भाषा आणि युरोपातून नुकतेच आलेले ज्ञान, यांचा असा मेळ घालताना त्या राजास मराठी बाटेल अशी भीती वाटली नाही. त्याच राजाने १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरविला. ज्यांच्या पूर्वजांनी तमिळ मंदिराच्या दगडावर मराठी लिहिली, त्यांच्या मुलांस आज चेन्नईच्या पावसावर मराठीत लिहिण्याची चोरी असावी, हा काळाचा विलक्षण उलटा न्याय आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, अनुकरणाखेरीज कला येत नाही. मूल आधी गिरविते, मग लिहिते. हे शंभर टक्के खरे आहे, आणि म्हणूनच पाठांतराचे आम्ही पक्षपाती आहो. मुलांनी ओव्या, अभंग, श्लोक, आर्या भरपूर पाठ कराव्यात. ओवी कशी चालते हे त्यांच्या जिभेस कळावे. एखाद्या वृत्तात चार ओळी बांधून पाहाव्यात. पण अनुकरण करावयाचे ते चालीचे, बांधणीचे, वाक्याच्या वळणाचे. अनुभवाचे अनुकरण कसे करणार? गवयाचा शागीर्द गुरूची गायकी उचलतो, गुरूचा खोकला उचलीत नाही.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा. मुलास स्वतःचे सांगू दिले तर त्याच्या मराठीत तमिळ व इंग्रजी शब्द शिरतील. शिरतील खरेच. दारापुढील ‘कोलम’ला रांगोळी म्हटले तरी ती वस्तू तीच राहत नाही, कोलममध्ये आधी ठिपके आणि मग त्यांना वळसे घालणारी न तुटणारी रेषा असते, आणि मार्गळी महिन्यात पहाटे ते घालताना आजूबाजूला जे ऐकू येते ते रांगोळीभोवती ऐकू येत नाही. असा शब्द आला तर तो भाषेत वस्तूसह येतो. अण्णा, अक्का, अप्पा ही नाती आपण आणि दक्षिणेच्या भाषा शतकानुशतके वाटून घेत आलो. तेव्हा मराठी बुडाली नाही. भाषा अशुद्ध होते ती कोलमने नव्हे. ‘निसर्गाची मुक्तहस्ताने केलेली उधळण’ यासारख्या, हजार हातांतून गेलेल्या नाण्यांनी ती झिजते.

तिसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे: मग मुलांस श्रावण कळणारच नाही काय? महाराष्ट्राशी असलेली नाळ तुटणार काय? आमचे उत्तर असे की, श्रावण मुलांनी वाचावा, जमल्यास सुटीत जाऊन पाहावा, आजीकडून ऐकावा. ‘माझ्या आजीचा पाऊस आणि माझा पाऊस’ हा तर सुरेख विषय होईल, कारण त्यात आजीचे ते आजीचे आणि माझे ते माझे राहते. नाळ तुटते ती मुलास आजीचा पाऊस स्वतःचा म्हणून सांगावयास लाविल्याने. कारण खोटेपणाच्या धाग्याने बांधलेले नाते मूल मोठे होताच पहिले तोडते.

चौथा आक्षेप परीक्षेचा. महाराष्ट्रातील शिक्षक हा आक्षेप घेतील तर त्यास थोडा तरी आधार आहे. त्यांच्या डोक्यावर गुणपत्रिका टांगलेली असते. पण चेन्नईच्या, हैदराबादच्या, सिंगापूरच्या रविवारच्या वर्गावर कोणते परीक्षामंडळ बसले आहे? येथे आपण सर्वथा मोकळे आहो. बेडी नसताना बेडीच्या मापाने चालणारा कैदी कोणी पाहिला नसेल, तर त्याने हे वर्ग पाहावेत.

शिवाय आता एक नवीच गोष्ट घडली आहे, आणि तिने जुन्या पद्धतीचा उरलासुरला आधारही काढून घेतला आहे. विषय सांगताच निबंध लिहून देणारी यंत्रे घरोघर झाली आहेत. जूनचा पाऊस, मोर, शेतकरी, भजी आणि उपदेश हे सर्व ते यंत्र एका श्वासात देते, आणि कोणत्याही मुलापेक्षा सफाईने देते. जे लिहावयास मुलाची गरजच नाही, ते मुलाकडून का लिहवून घ्यावे? काल त्याच्या दारापुढे पाणी कोठपर्यंत चढले होते आणि शेजारच्या अम्मांनी काय वाचविले, हे मात्र त्यास विचारल्याखेरीज कोणत्याही यंत्रास कळणार नाही.

टीका पुरे. करावयाचे काय, हे सांगितल्याखेरीज टीकाकारास उठण्याचा अधिकार नाही. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर या शिक्षिकेने माओरी मुलांस इंग्रजी वाचनपुस्तकांतील परकी बाहुली-बाग न देता, रोज प्रत्येकास त्याचा स्वतःचा एक शब्द विचारला, तो कार्डावर लिहून दिला, आणि भीतीच्या व मायेच्या त्या शब्दांतून त्यांचे वाचन-लेखन उभे केले. १९६३ साली ‘टीचर’ या पुस्तकात तिने हे नोंदविले. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या बार्बियाना या डोंगरी खेड्यातील, शाळेने नापास ठरविलेल्या पोरांनी १९६७ साली एका शिक्षिकेस उद्देशून पुस्तकभर पत्र लिहिले. त्यांची रीत अशी: ज्यास जे सुचेल ते एकेका चिठ्ठीवर लिहावयाचे, चिठ्ठ्या टेबलावर पसरून सारख्या सारख्या एकत्र करावयाच्या, आणि मग निरुपयोगी शब्द काढीत सुटावयाचे. आपल्याकडे कोल्हापुरास लीलाताई पाटील यांनी १९८५ साली ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले ते मुलाच्या अनुभवास शिक्षणाच्या मध्यभागी बसवूनच. तेव्हा ही वाट कोणी चाललेली नाही असे नाही.

रविवारच्या वर्गापुरते आम्ही पाच नियम सुचवितो. निबंधमार्गदर्शक पुस्तक वर्गाच्या दारातच ठेवून यावे. प्रत्येक मुलास एक लहान वही द्यावी आणि तीत रोज एकच ओळ मागावी: आज पाहिलेली, ऐकलेली किंवा हुंगलेली एक नेमकी गोष्ट, विशेषणाशिवाय. महिन्याने त्या तीस ओळींतून त्याचा निबंध किंवा कविता निघू द्यावी, आणि ती निघताना शिक्षकाने लाल शाई बाजूस ठेवून फक्त प्रश्न विचारावेत: केव्हा? कोठे? मग काय झाले? तुला कसे कळले? शब्द अडला तर मुलाने तमिळ शब्द लिहावा. मग सर्वांनी मिळून त्यास मराठी जोड शोधावी, सापडली नाही तर तो शब्द मानाने राहू द्यावा. शुद्धलेखन शेवटी, पक्क्या प्रतीवर. सांगावयाचे सांगून झाल्यावर ते मुले आनंदाने सुधारतात, कारण आता ते त्यांचे स्वतःचे लेखन असते.

आणि मंडळांस एक मागणी. पुढील बालनिबंधस्पर्धेत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हाच विषय पुन्हा ठेवावा, पण परीक्षकांस एकच कसोटी बांधून द्यावी: हा पाऊस कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात, कोणाच्या अंगावर पडला हे निबंधावरून कळते काय? जेथे कळत नाही तेथे अक्षर कितीही वळणदार असो, बक्षीस देऊ नये. नुंगंबाक्कमचा पर्जन्यमापक उघड्यावर बसून आपल्या तोंडात पडेल तेवढेच पाणी मोजतो. मुंबईस काय पडले हे तो सांगू जात नाही, आणि म्हणूनच त्याच्या आकड्यावर लोक विश्वास ठेवतात. मराठी मुलाच्या शब्दावरही लोकांनी विश्वास ठेवावा असे वाटत असेल, तर आधी त्यास त्याच्या स्वतःच्या पावसात उभे राहू द्यावे.